बाबासाहेबांचे सात हिवाळे



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत परमपूज्य बाबासाहेबांच्या जीवनावर काहीतरी लिहा, असं कार्यकारिणीच्या मंडळींनी मला सांगितलं. मी काही लेखक नाही. सातवीनंतर शाळा सुटली, पुढची तीस वर्षं सूतगिरणीत रिंग फ्रेम खात्यात गेली. जे काही वाचलं ते रातपाळी करून आल्यावर, अर्धवट झोपेत. तेव्हा चुकलं-माकलं असेल तर वाचकांनी पोटात घालावं.

आपल्या विहाराच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या पदव्या रंगवलेल्या आहेत. एम.ए., पीएच.डी., एम.एस्सी., डी.एस्सी., बार-ॲट-लॉ. आपल्या लहान लहान पोरांनाही त्या तोंडपाठ आहेत. पण त्या पदव्या घेताना हा माणूस सकाळी काय खात होता, कुठे झोपत होता, थंडीत अंगावर काय घेत होता, हे आपण कोणाला सांगत नाही. मीसुद्धा सांगत नव्हतो. गेल्या हिवाळ्यात मात्र ते शोधून काढायची वेळ माझ्यावर आली.

झालं असं की, आपल्या वस्तीतली एक मुलगी शिष्यवृत्तीवर इंग्लंडात शिकायला गेली. पहिले दोन महिने बरे गेले. मग एकदम बर्फ पडलं, आणि त्याच सुमारास शिष्यवृत्तीचा हप्ताही अडकला. खोलीतला हीटर लावावा की पोटाला खावं, असा तिला प्रश्न पडला. तिची माय मोबाईलवर बर्फाचा फोटो घेऊन माझ्याकडे आली. भाऊ, पोरगी परत येते म्हणते, काय सांगू, असं विचारायला लागली. मला उत्तर देता आलं नाही. मी कधी जिल्ह्याबाहेर नीट राहिलेलो नाही, बर्फ तर पाहिलंच नाही. आपल्या सावद्याची थंडी म्हणजे पौषातल्या चार-सहा रात्री. पारा दहाच्या खाली गेला की केळीवर चरका पडतो, शेतकरी बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतात, आपण गोधडीत शिरतो. तेवढीच आपली थंडी. म्हणून मी घरातली चरित्रं पुन्हा काढली आणि त्यांत फक्त हिवाळे शोधत बसलो. मोजले तर सात भरले. तीन न्यूयॉर्कचे, एक लढाईतल्या लंडनचा, आणि पुन्हा तीन लंडन-युरोपातले.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळं बसून शिकलेला हा मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. झाला आणि बडोद्याला नोकरीला लागला. लगेच २ फेब्रुवारी १९१३ रोजी वडील रामजीबाबा गेले. घरात मोठा खटला, हाताशी पैसा नाही. अशा वेळी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षं. शिकून आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानची नोकरी करायची, असा करार ४ जून १९१३ रोजी लिहून दिला. मोठा मुलगा यशवंत तेव्हा सहा महिन्यांचाही झाला नव्हता.

जुलै महिन्यात बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. म्हणजे तिथल्या उन्हाळ्यात. कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टली हॉल नावाच्या वसतिगृहात आठवडाभर राहिले. तिथलं अर्धकच्चं जेवण मानवेना, म्हणून कॉस्मोपॉलिटन क्लबात गेले. तिथून पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये. तिथे नवल भथेना हा पारशी तरुण त्यांच्यासोबत राहत होता. ही मैत्री जन्मभर टिकली. बडोद्यातल्या पारशी सराईतून बाबासाहेबांना हाकललं ही गोष्ट आपण दरवेळी सांगतो, सांगायलाच पाहिजे. पण अडल्या वेळी कर्ज देणारा हा दोस्तही पारशीच होता, हेही त्याच भाषणात यायला पाहिजे.

आणखी एक गोष्ट आपण भाषणात गाळतो. पहिले काही महिने बाबासाहेबांचं अभ्यासात फारसं मन नव्हतं. वय बावीस. आयुष्यात पहिल्यांदा असं गाव मिळालं, जिथे कोणी जात विचारत नाही, एका टेबलावर सगळे जेवतात, पाण्याच्या नळाला कोणीही हात लावतो. मित्र, गप्पा, फिरणं यात दिवस गेले. मग एका रात्री त्यांचं त्यांनाच उमगलं की घरची माणसं पोटाला चिमटा काढून आहेत आणि आपण इथे काय करतोय. त्या रात्रीनंतर ते बदलले, असं चरित्रकार लिहितात. मला यात कमीपणा वाटत नाही. उलट जी पोरं शहरात जाऊन पहिलं वर्ष वाया घालवतात आणि मग तोंड दाखवायला लाजतात, त्यांना ही गोष्ट आधी सांगावी असं वाटतं.

पैशाचा हिशोब बघा. साडेअकरा पौंड म्हणजे त्या वेळचे सुमारे छप्पन डॉलर. दिवसाला दोन डॉलरसुद्धा पुरते येत नाहीत. एक वेळ नीट जेवायचं म्हटलं तर डॉलरच्या वर जाई. त्यात घरी पैसे पाठवायचे. उरलं ते जुन्या पुस्तकांच्या दुकानात जायचं. न्यूयॉर्कच्या मुक्कामात त्यांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तकं घेतली. मी कधी कधी विचार करतो, एवढ्या पैशात एक चांगला जाड ओव्हरकोट आला असता की नाही? पण आले ते पुस्तकांचे गठ्ठे. पुढे ते गठ्ठे हिंदुस्थानात आणायला म्हणून एका परिचिताकडे ठेवले, आणि त्यातली कितीतरी पुस्तकं गहाळ झाली.

आता थंडीचं. १९१४ साली १ आणि २ मार्चला, म्हणजे हिवाळा सरत आला असं वाटत असताना, न्यूयॉर्कवर मोठं हिमवादळ आलं. साडेचौदा इंच बर्फ पडलं. तारा तुटल्या, आगगाड्या जागच्या जागी अडकल्या. साडेचौदा इंच म्हणजे आपल्या गुडघ्याला लागेल एवढं. बाबासाहेबांचा तो तिथला पहिलाच हिवाळा. पुढच्या वर्षी तर याहून नवल. ३ आणि ४ एप्रिल १९१५, म्हणजे आपल्याकडे चैत्रातलं ऊन तापायला लागतं ते दिवस. तिथेही माणसांनी गरम कपडे घडी करून ठेवायला घेतले असतील. ख्रिस्ती लोकांचा ईस्टरचा सण. आणि त्याच दोन दिवसांत दहा इंच बर्फ! दहा दिवसांनी बाबासाहेबांना चोविसावं वर्ष पुरं व्हायचं होतं आणि दोन महिन्यांनी एम.ए. ची पदवी मिळायची होती. ऐन परीक्षेच्या तोंडावर निसर्गानं असं फिरावं, हे कोणत्याही विद्यार्थ्याला जड जाणार.

त्या दिवशी बाबासाहेबांनी काय केलं ते कोणी लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा मीही रचून सांगणार नाही. त्यांचा रोजचा क्रम मात्र ठाऊक आहे. पहाटे उठायचं, ग्रंथालय उघडलं की आत जायचं, बंद होईपर्यंत बाहेर यायचं नाही, आणि खोलीवर आल्यावर पुन्हा वाचायचं. दिवसाचे अठरा तास. एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम त्यांनी केले, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४. सेलिग्मन, ड्युई असे जगातले नावाजलेले गुरू मिळाले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या वर्गात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर निबंध वाचला. वय पंचवीस. आज जगभर तो अभ्यासला जातो.

तिसरा हिवाळा संपला, शिष्यवृत्तीची मुदत वाढवून मिळाली, आणि १९१६ च्या ऑक्टोबरात ते लंडनला आले. ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीसाठी आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्रासाठी नाव घातलं.

हा चौथा हिवाळा सगळ्यात वाईट. पहिलं महायुद्ध चालू होतं. त्या वर्षी इंग्लंडात डिसेंबरपासून जी थंडी पडली ती एप्रिलपर्यंत हटली नाही. जानेवारीच्या शेवटी आणि फेब्रुवारीत पाणी गोठलेलं, एप्रिल १९१७ उजाडला तरी बर्फ पडतच होतं. फ्रान्समध्ये अरासची लढाई ९ एप्रिलला बर्फातच सुरू झाली. आणि नेमकं त्याच वेळी कोळशाची टंचाई. १ फेब्रुवारीपासून जर्मन पाणबुड्यांनी दिसेल ते जहाज बुडवायला सुरुवात केलेली, त्यामुळे धान्य येईना. बटाटा बाजारातून नाहीसा झाला, आणि मे महिन्यात खुद्द राजाला जाहीरनामा काढून प्रजेला पाव कमी खायला सांगावं लागलं. गरीब देशातून आलेला, कोणी सगासोयरा नसलेला विद्यार्थी अशा शहरात कसा राहिला असेल, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

आम्हा गिरणीवाल्यांना याचा थोडा अंदाज येतो. फ्रेम खात्यात धागा तुटू नये म्हणून हवा दमट ठेवतात, आत घामाच्या धारा. रात्री पाळी सुटून बाहेर पाऊल टाकलं की ओल्या अंगावर जे हीव भरतं, ते हाडापर्यंत जातं. पण आम्हाला घरी गेल्यावर चूल होती. कळण्याची भाकर आणि ठेचा होता.

एवढं सोसून अभ्यास पुरा व्हावा, तर तेही नाही. शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ च्या उन्हाळ्यात बडोद्याचं बोलावणं आलं. पदवी अर्ध्यावर टाकून निघावं लागलं. एक मात्र त्यांनी केलं. ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करता येईल, अशी परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली. सामान दुसऱ्या जहाजानं पाठवलं होतं, ते जहाज पाणबुडीनं बुडवलं. पुस्तकं समुद्रात गेली. भरपाईचे सहाशे रुपये मिळाले, त्यातून घरखर्चाला दिले आणि बडोद्याचा प्रवास केला. बडोद्यात पुढे काय झालं ते आपल्या प्रत्येकाला माहीत आहे. बर्फानं जे केलं नाही ते आपल्या माणसांनी केलं. साहेबाच्या हुद्द्यावरच्या माणसाला राहायला छप्पर मिळू दिलं नाही.

मी त्या मुलीच्या आईला हाच भाग वाचून दाखवला. अर्ध्यावर परत येणं म्हणजे सगळं बुडालं असं नाही, बाबासाहेबही एकदा अर्ध्यावरच परतले होते. पण परत जायची परवानगी खिशात घेऊन परतले. तिनं पोरीला फोन लावला, बराच वेळ बोलली. काय बोलली ते मी विचारलं नाही.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात बाबासाहेबांना प्राध्यापकाची नोकरी लागली. पगार ४५० रुपये, त्या काळात मोठा. पण राहणं परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतच, गिरणी कामगारांच्या शेजारात. पगारातला पैसा बाजूला टाकत गेले. चार वर्षांची मुदत डोक्यावर टांगलेली होती. ती संपायला सव्वा वर्ष उरलं असताना, जुलै १९२० मध्ये, स्वतःची शिल्लक, भथेनांकडून पाच हजारांचं कर्ज आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेऊन ते पुन्हा बोटीत बसले.

आता त्या पैशाचं काय झालं बघा. १९२० साली सरकारनं रुपयाचा भाव दोन शिलिंग ठरवला होता. म्हणजे दहा रुपयांना एक पौंड. पण बाजारात तो भाव टिकला नाही. १९२१ पर्यंत रुपया घसरून सव्वा शिलिंगाच्या आसपास आला. म्हणजे त्याच एका पौंडाला आता पंधरा-सोळा रुपये. हिंदुस्थानातून येणाऱ्या पैशावर जगणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याचं ताट तिथे आपोआप लहान झालं. आणि त्याच दिवसांत बाबासाहेब ग्रंथ कशावर लिहीत होते? रुपयाच्या प्रश्नावर! रुपयाचा भाव कोण ठरवतो आणि त्याचा मार कोणाला बसतो. विषय त्यांनी कशामुळे निवडला ते मी सांगू शकत नाही, पण रुपया पडला म्हणजे काय होतं हे कळायला त्यांना पुस्तक उघडायची गरज नव्हती.

लंडनच्या त्या दिवसांचं वर्णन चरित्रांत सविस्तर आहे. घरमालकीण कडक आणि हात आखडता. सकाळी पावाचा एक तुकडा, त्यावर थोडी मासळीची चटणी, एक कप चहा. एवढ्यावर बाहेर पडायचं. बसचे पैसे वाचवायला चालत जायचं. ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय उघडायच्या वेळेला दारात हजर. दुपारचं जेवण नाहीच. जेवायला पैसे नाहीत आणि वेळही नाही. संध्याकाळी शिपाई येऊन आता उठा म्हणेपर्यंत जागा सोडायची नाही. बाहेर पडताना खिसे टिपणांच्या कागदांनी फुगलेले. खोलीवर आल्यावर बोव्हरिल म्हणजे मांसाचा कढत अर्क आणि दोन-चार बिस्किटं. पुन्हा वाचायला बसायचं. रात्री दहाच्या सुमारास भुकेची आग उठे. तेव्हा एका ओळखीच्या माणसानं दिलेली पापडाची चवड कामाला येई. पत्र्याच्या तुकड्यावर चार पापड भाजायचे, कपभर दूध घ्यायचं, आणि पहाटेपर्यंत पुस्तक. खोलीतला सोबती मध्येच जागा होऊन झोपायला सांगे, पण ते उठत नसत.

हे वाचलं की आपल्या आयाबायांच्या डोळ्यांत पाणी येतं, कारण पापड त्यांना कळतो. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर बिबडी-पापड वाळत घालताना परगावी शिकणाऱ्या पोराचा वाटा आधी बाजूला काढतात. आपली ती मुलगीही बॅगेत बिबडीच घेऊन गेली होती.

म्युझियमचं ते वाचनालय म्हणजे गोल घुमटाची प्रचंड खोली. १८५७ साली बांधलेली. कार्ल मार्क्स तिथेच बसून वाचायचे. टेबलांच्या खालून पाय शेकायला गरम पाण्याचे नळ फिरवलेले होते. इकडे भाड्याच्या खोल्यांत काय होतं? गॅसचा मीटर. नाणं टाकलं तर शेगडी पेटणार, नाणं संपलं की विझणार. मला वाटतं, वाचनालय बंद व्हायच्या घंटेपर्यंत गरीब विद्यार्थी उठत नसतील, त्यात विद्येची ओढ होतीच, पण पायाखालची ती ऊबही असेल. असं म्हटलं म्हणून बाबासाहेब लहान होत नाहीत. १९२१ साली तर १ एप्रिलपासून तीन महिने तिथल्या दहा लाख खाण कामगारांवर मालकांनी टाळेबंदी लादली, मजुरी कापण्यासाठी. कोळसा मोजून मिळत होता. त्याच जूनमध्ये बाबासाहेब एम.एस्सी. झाले.

लंडनच्या प्रिमरोझ हिल भागातल्या १०, किंग हेन्रीज रोड या घरात ते १९२१-२२ मध्ये राहिले. महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली ते घर विकत घेऊन स्मारक केलं आहे. आपल्यातलं कोणी लंडनला गेलं तर जरूर बघून यावं.

इकडे परळला माता रमाई होत्या. तिथे बर्फ नव्हतं, पण चूल इथेही रोज पेटत होती असं नाही. शेण गोळा करून गोवऱ्या थापून त्यांनी संसार ओढला असं सांगतात. यशवंत सोडून चार लेकरं या जोडप्यानं गमावली. लंडनच्या एका पापडाचा हिशोब लिहिताना परळच्या या घराचा हिशोब शेजारी लिहिला नाही तर तो खोटा ठरेल. पदव्यांच्या पाटीवर रमाईंचं नाव नाही. पुढच्या रंगकामाच्या वेळी कार्यकारिणीनं याचा विचार करावा, ही माझी सूचना.

२८ जून १९२२ रोजी बाबासाहेब बॅरिस्टर झाले. ६ मे रोजी शाहू महाराज वारले होते, त्यांना ही बातमी कळायची राहून गेली. मध्ये काही काळ जर्मनीत बॉन विद्यापीठात जाऊन आले. ऑक्टोबरात रुपयाचा प्रबंध दिला. सातवा हिवाळा त्याच्या निकालाची वाट बघण्यात गेला, आणि मार्चमध्ये निकाल काय आला? इंग्रज सरकारवरची टीका फार कडक आहे, पुन्हा लिहा! पैसे संपले होते. बाबासाहेब एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतले, इथे बसून प्रबंधाची मांडणी दुरुस्त केली, निष्कर्ष तेच ठेवले, आणि पाठवून दिला. डी.एस्सी. मिळाली. डिसेंबरात लंडनमध्ये ग्रंथ छापून निघाला.

एवढा शिकलेला बॅरिस्टर, पण मुंबईत वकिलीची सनद घ्यायला पैसे नाहीत. ते पैसेही नवल भथेनांनी दिले.

चौदा वर्षांनी, ३१ जुलै १९३७ रोजी, हे बॅरिस्टर आपल्या खान्देशात धुळ्याला कोर्टाच्या कामासाठी आले आणि लळिंगच्या बंगल्यात उतरले. दरवर्षी त्या तारखेला तिथे लोक जमतात. यंदा आपल्या विहारातून गाडी करून जायचा विचार आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी वंदनेच्या वेळी नाव द्यावं. आणि ती मुलगी अजून तिकडेच आहे. हप्ता मार्चमध्ये जमा झाला. आईनं यंदा बिबडी जास्त केली आहेत.